जमिनीवर फक्त चाके टेकावीत : बंगल्याच्या गॅरेजमधील सामानाची मांडणी

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या नकाशात गॅरेज गाडीसाठी दाखवलेले असते. राहायला आल्यावर मात्र पाच-सहा वर्षांत त्यात गाडी सोडून बाकी सगळे मावू लागते आणि गाडी फाटकाबाहेर उन्हापावसात उभी राहते. जागा कमी पडते म्हणून असे होते, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. साधारण १० फूट रुंद, १८ फूट लांब आणि १० फूट उंच गॅरेजचे घनफळ १,८०० घनफूट भरते आणि एखादी लहान गाडी, आरसे बाहेर धरूनही, त्यातली जेमतेम पाव जागा व्यापते. उरलेली जागा भिंतींच्या कडेने आणि डोक्याच्या वर असते. आपण मात्र सामान जमिनीवर ठेवतो आणि एकावर एक रचत जातो. तळातली वस्तू काढायची तर वरच्या दहा उतरवाव्या लागतात, म्हणून ती काढलीच जात नाही, आणि तिची गरज पडली की बाजारातून नवी येते.

म्हणून या कामात एकच नियम पाळावा, तो असा की गॅरेजच्या जमिनीवर गाडीची चाके आणि रॅकचे पाय यांखेरीज काहीही टेकता कामा नये. हा नियम टापटिपीसाठी नाही. शटरखालून येणारे पावसाचे पाणी, फरशीच्या सांध्यातून वर चढणारी वाळवी, कोपऱ्यात घर करणारे उंदीर आणि झाडूच न पोहोचल्याने साठणारी धूळ या चारही गोष्टी जमिनीलगतच्या हातभर उंचीत घडतात. तेवढी पट्टी मोकळी राहिली की अर्धे काम झाले.

पुढचे विवेचन स्वतःच्या मालकीच्या, भिंती आणि शटर असलेल्या गॅरेजसाठी आहे. गृहनिर्माण संस्थेतील इमारतीखालचे, चहूबाजूंनी उघडे असलेले पार्किंग ही वेगळी बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने नाहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या दाव्याच्या २०१० सालच्या निकालात असे खांबांमधले पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा तिथे रॅक ठोकण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि जिन्याजवळची वाट अडत असेल तर परवानगी मिळाली तरी ठोकू नये.

केव्हा आणि कुठून सुरुवात करावी

या कामाला एप्रिल-मे हे महिने उत्तम. आगोटीची कामे घरात निघालेलीच असतात, सामान अंगणात दिवसभर उन्हात टाकता येते आणि पावसाआधी भिंतीची ओल, शटरखालची फट, छतावरची चीर यांचा बंदोबस्त करायला वेळ मिळतो. दिवाळीआधीच्या साफसफाईतही हे काम निघते, पण त्या वेळी घरातल्या माणसांचे लक्ष दहा ठिकाणी असते आणि गॅरेजमधले सामान एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाण्यापलीकडे फारसे काही होत नाही.

गॅरेज पूर्ण रिकामे करावे. अर्धे रिकामे करून उरलेल्या अर्ध्यात सामान सरकवत राहिल्यास मोजमापही होत नाही आणि भिंतही दिसत नाही. अंगणात ताडपत्री पसरून सामान त्यावर जातवारीने मांडावे, म्हणजे बागकामाचे एका बाजूला, हत्यारे आणि विजेचे सामान दुसऱ्या बाजूला, सणावारांचे तिसरीकडे, बांधकामातून उरलेले चौथीकडे. असे मांडल्यावर घरात तीन पक्कडी, दोन अर्धवट वापरलेल्या सिलिकॉनच्या नळ्या आणि एकाही खोक्याला न लागणारी पाच झाकणे आहेत हे आपोआप दिसते. रिकाम्या झालेल्या गॅरेजची जमीन धुऊन घ्यावी आणि पाणी कोणत्या कोपऱ्यात साठते ते पाहून ठेवावे, कारण त्या कोपऱ्यात पुढे काहीही ठेवायचे नाही.

काय ठेवावे, काय काढावे

‘लागेल कधीतरी’ हे वाक्य ऐकल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो; त्याऐवजी ती वस्तू बाजारात पुन्हा मिळेल का, हा प्रश्न विचारावा. बांधकामातून उरलेल्या फरश्या हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच रंगाची, त्याच छटेची फरशी काही वर्षांनी मिळणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे प्रत्येक प्रकारची एक पेटी जपून ठेवावी. पण सहा पेट्या ठेवण्याचे कारण नाही. उलट रंगाचे अर्धे डबे ठेवून काही साधत नाही, कारण एकदा उघडलेला रंग वर्षा-दोन वर्षांत आटून घट्ट होतो. डब्यावरच्या कंपनीच्या नावाचा आणि छटेच्या क्रमांकाचा फोटो काढावा, कोणत्या खोलीचा रंग आहे ते त्यासोबत लिहून ठेवावे आणि डबा काढून टाकावा. टीव्ही, मिक्सर, फ्रिज यांची खोकी हमीची मुदत संपेपर्यंत ठेवणे समजण्यासारखे आहे. त्यानंतर ती केवळ झुरळांची वसाहत असते.

जुन्या थर्मोकोलच्या मखराचे तुकडे अजूनही अनेक गॅरेजमध्ये सापडतात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्मोकोलवर आलेल्या बंदीनंतर ते पुन्हा मांडण्याचा प्रश्नच उरलेला नाही, आणि जागा तर ते सर्वाधिक खातात. इन्व्हर्टरची किंवा गाडीची संपलेली बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. किमतीत वजावट मिळते आणि आतले शिसे व आम्ल योग्य ठिकाणी जाते. जुन्या ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, म्हणून ते फोडू नयेत आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नयेत. शहरात ई-कचरा गोळा करण्याचा दिवस असतो, तोपर्यंत एका खोक्यात उभे ठेवावेत.

राहिला प्रश्न आजीच्या बंबाचा, घंगाळाचा आणि पाट्या-वरवंट्याचा. या वस्तू काढायच्या की ठेवायच्या याचा निर्णय आवराआवर करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. ठेवायच्या ठरल्या तर त्यांची जागा गॅरेज नव्हे, असे माझे मत आहे. तांब्या-पितळेवर ओलसर हवेत हिरवट थर चढतो, आणि ज्या वस्तूत जीव गुंतलेला असतो ती कुदळी-फावड्यांत पडून राहावी यात काही जपणूक नाही. पाटा-वरवंटा मात्र दगडाचा असल्याने रॅकच्या सर्वांत खालच्या फळीवर बिनधास्त राहतो.

आधी गाडी, मग रॅक

बहुतेक घरांत रॅक आधी येतात आणि गाडी त्यांच्या उरलेल्या जागेत घुसवली जाते. क्रम उलटा असायला हवा. रिकाम्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी जशी लावतो तशी लावावी, डाव्या भिंतीपासून फूटभर अंतर ठेवावे, उजवीकडचे दोन्ही दरवाजे आणि डिकी पूर्ण उघडावी, आणि खडूने जमिनीवर तिची आणि उघड्या दरवाजांची बाह्यरेषा काढावी. नंतर गाडी बाहेर काढून त्या रेषेकडे पाहिले की रॅकसाठी जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर धरलेल्या १० बाय १८ फुटांच्या गॅरेजचे गणित करून पाहू. लहान गाड्या करातील फरकामुळे बहुधा ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात, म्हणजे लांबी सुमारे १३ फूट १ इंच. आणि रुंदी आरसे सोडून सुमारे १.७ मीटर, म्हणजे ६७ इंच. गॅरेजची रुंदी १२० इंच. डावीकडे १२ इंच सोडले, गाडीचे ६७ इंच वजा केले, की उजवीकडे ४१ इंच उरतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने ही मोकळी बाजू त्याच्या दाराकडे आली, हे सोयीचेच आहे. मात्र त्यासाठी गाडी तोंड आत करून लावावी लागते आणि इतरांनी गॅरेजबाहेरच उतरावे लागते. चालकाला अंग न चोरता उतरायचे तर २६ इंच हवेत. म्हणजे दाराच्या पट्ट्यात भिंतीला १५ इंचच उरतात आणि तिथे १२ इंचांहून खोल रॅक चालत नाही.

पण दाराच्या पुढे, जिथे बॉनेट येते, तिथे उघडण्यासारखे काही नसते. त्या पाच फुटांच्या पट्ट्यात त्याच भिंतीला १८ इंच खोल रॅक बसतो आणि तरीही २३ इंचांची वाट राहते. एकाच भिंतीवर दोन खोलीचे रॅक लावणे दिसायला विजोड वाटते, परंतु गॅरेजमधली खरी बचत या विजोडपणातच आहे. समोरच्या भिंतीचा हिशोबही असाच आहे. लांबी २१६ इंच, गाडी १५७, शटर आणि गाडीचे शेपूट यांच्यात १० इंच, उरले ४९. त्यात १८ इंचांचा रॅक आणि ३१ इंचांची वाट आरामात बसते. डाव्या भिंतीला उभे रॅक नकोत. तिथे शिडी, बागेची नळी, पडदे लावायच्या नळ्या अशा सपाट वस्तू आरशाच्या उंचीच्या वर आडव्या टांगाव्यात.

पुढेमागे मोठी गाडी घेण्याचा विचार असेल तर लांबी ४.३ ते ४.७ मीटर आणि रुंदी १.८ मीटर धरूनच रेषा आखावी. रॅक हलवणे शक्य असते, पण भिंतीत मारलेली भोके आणि केलेला माळा हलत नाही. गाडी दरवेळी त्याच जागी थांबावी म्हणून पुढच्या चाकासाठी रबरी अडथळा किंवा सागाचा ठोकळा जमिनीला पक्का करावा. त्यामुळे रॅकला बंपर लागत नाही आणि मागे शटर बंद होते की नाही हे पाहायला खाली उतरावे लागत नाही.

रॅक विकत घेण्यापूर्वी त्याच्या मापाची रिकामी खोकी किंवा उभ्या केलेल्या खुर्च्या ठरवलेल्या जागी चार दिवस ठेवून गाडी आत-बाहेर करावी. कागदावरचे २६ इंच पावसात छत्री, पिशवी आणि मूल घेऊन उतरताना पुरतात का, हे त्याशिवाय समजत नाही.

भिंत पाहून मगच भोक

गॅरेजच्या तीन भिंती एकसारख्या नसतात. बाहेरची भिंत बहुधा ९ इंची विटांची असते, घराला लागून असलेली कधी साडेचार इंची असते, आणि नव्या बांधकामांत दोन्ही ठिकाणी हलके, सच्छिद्र ठोकळे असतात, ज्यांना मिस्त्री सर्रास सिपोरेक्स म्हणतात. वीट असेल तर ड्रिलमधून लाल भुकटी येते, काँक्रीट असेल तर करडी आणि ड्रिल अडखळते, आणि हलका ठोकळा असेल तर पांढरट भुकटी येऊन ड्रिल लोण्यासारखे आत जाते. काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर बोल्ट चांगले धरतात. विटेत ते विटेच्या मध्यभागीच मारावेत. सांध्यातल्या सिमेंटमध्ये मारलेला बोल्ट काही दिवसांनी हातात येतो. हलक्या ठोकळ्यात मात्र साधी प्लॅस्टिकची गिट्टी किंवा फाकणारा बोल्ट वजन धरत नाही. त्यासाठी वेगळे लांब अँकर मिळतात, आणि ते नसतील तर वजन भिंतीवर न देता जमिनीवर उभ्या राहणाऱ्या रॅकवरच द्यावे. भोक मारण्यापूर्वी स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची पट्टी सोडून द्यावी, कारण विजेची नळी बहुधा तिथूनच गेलेली असते. बाथरूमची भिंत पलीकडे असेल तर पाण्याची नळी कुठून जाते ते आधी विचारून घ्यावे.

रॅक कसा निवडावा

गॅरेजसाठी भोकांच्या पट्ट्यांचा, म्हणजे स्लॉटेड अँगलचा लोखंडी रॅक सर्वांत उपयोगी. त्याच्या फळ्या हव्या त्या उंचीवर नटबोल्टने बसवता येतात आणि घर बदलले तर सुटा करून नेता येतो. दुकानात पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, तर २० गेज म्हणजे १ मिलिमीटरहूनही पातळ. उभ्या अँगलसाठी १४ गेज मागावा. फळीसाठी २० गेज साध्या सामानाला चालतो. हत्यारे किंवा फरश्या ठेवायच्या त्या फळीला १८ गेज घ्यावा आणि तिच्या पोटाखाली आडवी पट्टी आहे का ते उलटे करून पाहावे. लोखंडाचे भाव वजनावर असतात, त्यामुळे दोन दुकानांतील किमतीची तुलना करताना रॅकचे वजन विचारल्यास कोण पातळ पत्रा देत आहे ते लगेच उघड होते.

वजनाचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो. २ बाय २ फुटांच्या चार फरश्यांची एक पेटी २५ किलोंच्या पुढे जाते, २० लिटर रंगाची भरलेली बादलीही तेवढीच, आणि खिळे-स्क्रूंनी भरलेला तेलाचा डबा एका हाताने उचलत नाही. असे जड सामान नेहमी खालच्या दोन फळ्यांवर ठेवावे. फरश्या आडव्या न रचता लाकडी पट्टीवर उभ्या, भिंतीकडे किंचित कललेल्या ठेवाव्यात. सहा-सात फुटी रॅक रिकामा असतानाच वरून भिंतीला एका पट्टीने जखडून टाकावा. घरात लहान मुले असतील तर यात चालढकल करू नये, कारण मूल फळ्यांवर पाय देऊन चढते.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान ८ इंच वर असावी, म्हणजे झाडू आणि पोछा खालून फिरतो. रॅकच्या पायांत रबरी बूट घालावेत, नाहीतर गंजाचे चार चौकोन फरशीवर कायमचे उमटतात. भिंत आणि रॅक यांच्यात दोन बोटे फट सोडावी. तिचे कारण पुढे येते.

पुठ्ठ्याची खोकी गॅरेजमध्ये ठेवूच नयेत. पुठ्ठा ओल शोषतो, वाळवीला आवडतो आणि त्याच्या घड्यांत झुरळे अंडी घालतात. झाकणाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे खोके सोयीचे असतात, पण ते सगळे एकाच मापाचे घ्यावेत. तीन दुकानांतून आणलेले तीन मापांचे खोके एकमेकांवर बसत नाहीत आणि फळीची उंची वाया जाते. ज्यांना नवे खोके घ्यायचे नाहीत त्यांच्यासाठी १५ किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा अजूनही उत्तम आहे. वरचा पत्रा कापून कडा ठोकून घेतली आणि किराणा दुकानदाराकडून झाकण मिळवले, की उंदराला न कुरतडता येणारी आणि फळीवर कोपऱ्याला कोपरा लावून बसणारी पेटी फुकटात तयार होते.

हत्यारांसाठी खोका नको. खोक्यात हातोडी सापडते आणि पेचकस सापडत नाही. उजव्या भिंतीवर, बॉनेटच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर भोकांचा पत्रा किंवा खिळे मारलेली फळी लावावी आणि प्रत्येक हत्यार टांगल्यावर त्याच्या कडेने मार्करने रेघ ओढावी. शेजाऱ्याने नेलेला पाना परत आलेला नाही, हे भिंतीवरची रिकामी आकृती रोज सांगत राहते. फावडे, कुदळ, खुरपी, पंजा यांना दांड्यासकट टांगण्यासाठी जाड लोखंडी आकडे लागतात; टोके वर नव्हे, भिंतीकडे करून टांगावीत. पावसाळ्याआधी सगळ्या लोखंडी पात्यांवरून मशीनच्या तेलाचे फडके फिरवावे.

माळा

गाडीच्या टपावरची मोकळी जागा वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या सामानाची आहे. शटरच्या बाजूला वर गुंडाळणारा पिंजरा असतो, त्यामुळे माळा समोरच्या भिंतीच्या टोकालाच करावा. त्याची खोली अडीच ते तीन फुटांहून जास्त नसावी. शिडीवर उभ्या माणसाचा हात त्यापलीकडे पोहोचत नाही आणि मागच्या सामानाचा विसर पडतो. खालची उंची ७ फूट ठेवल्यास बॉनेट उघडतानाही डोके लागत नाही आणि १० फुटी छतापर्यंत तीन फूट मिळतात. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलची चौकट करून ती दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकवावी. छतातून सळया सोडून माळा लटकवू नये. स्लॅबमध्ये खोल भोके पडतात आणि वर गच्ची असेल तर पहिल्या पावसात तिथूनच गळती सुरू होते. चौकटीवर जलरोधक प्लाय किंवा सिमेंटचा बोर्ड टाकावा आणि कडेला चार इंचांची पट्टी ठेवावी, म्हणजे खोका सरकून गाडीच्या काचेवर येत नाही.

माळ्यावर काय जाईल हे पंचांगच ठरवते. गणपतीचे मखर, समया, तोरणे, विजेच्या माळा, आकाशकंदील, मुलांच्या किल्ल्यावरचे मावळे हे सगळे भाद्रपद ते कार्तिक या एकाच सलग काळात लागते, म्हणून ते शेजारी-शेजारी ठेवावे, एकदाच उतरवावे आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदाच चढवावे. विजेच्या माळा चढवण्याआधी लावून पाहाव्यात आणि बंद पडलेल्या तिथेच टाकून द्याव्यात. रेनकोट, ताडपत्री, बॅडमिंटनच्या जाळ्या, सहलीच्या बॅगा यांचा दुसरा गट करावा.

कूलर माळ्यावर जात नाही. पाऊस लागला की तो गॅरेजमध्ये येतो आणि मार्चपर्यंत मुक्काम करतो, तेव्हा त्याची जागा आखणीतच धरावी. बॉनेटच्या बाजूच्या रॅकची खालची फळी काढून तिथे चाकांसकट सरकवणे सोयीचे पडते. आत आणण्यापूर्वी टाकीचे बूच काढून पाणी पूर्ण काढावे, गवताच्या जाळ्या दोन दिवस उन्हात वाळवाव्यात किंवा फेकून द्याव्यात. तळाशी उरलेले तांब्याभर पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला पुरते. पडून असलेल्या जुन्या टायरांचेही तेच. ठेवायचेच असतील तर आत, कोरडे करून, आकड्याला टांगलेले ठेवावेत.

ओल, वाळवी आणि उंदीर

वाळवी मातीची पेन्सिलएवढी बारीक नळी करत भिंतीवरून चढते. रॅक भिंतीला चिकटून असेल तर ती नळी दिसत नाही, आणि दिसते तेव्हा रुखवताची लाकडी पेटी आतून पोकळ झालेली असते. दोन बोटांची फट सोडायची ती याचसाठी. महिन्यातून एकदा टॉर्च मारून त्या फटीत पाहावे. नळी दिसली तर नुसती खरवडून टाकून भागत नाही, कारण वारूळ जमिनीत असते. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोके मारून औषध सोडून घ्यावे लागते. कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या कपड्यांच्या पेटीत ठीक आहेत, वाळवीपुढे त्यांचा उपयोग नाही.

पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत येते, आणि गॅरेजमधला उंदीर सामानावर थांबत नाही, गाडीच्या वायरी कुरतडतो. शटरच्या खालच्या पट्टीला रबर लावून घ्यावे, खिडकीला बारीक लोखंडी जाळी ठोकावी आणि पाइप जिथून भिंतीतून जातो तिथली पोकळी सिमेंटने भरावी. गव्हाचे पोते, कुत्र्याचे खाणे, पक्ष्यांचे दाणे यांपैकी काहीही गॅरेजमध्ये असल्यास झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच असावे. कोकणात आणि गोव्यात हवेतली ओल इतकी असते की बंद खोक्यातही बुरशी येते. तिथे कापड आणि कागद गॅरेजमध्ये ठेवू नये, आणि जाळीची खिडकी पावसाळ्यातही उघडी राहील असा वर छज्जा करून घ्यावा.

गॅरेजमध्ये नकोच अशा वस्तू

स्वयंपाकाच्या गॅसचा जादा सिलिंडर बंद गॅरेजमध्ये ठेवण्याची पद्धत मोडायला हवी. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साठतो, आणि गाडी सुरू करताना किंवा दिवा लावताना पडणारी ठिणगी पुरते. बाटलीतले पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांचाही साठा करू नये. कामापुरते आणावे आणि उरलेले रंगाऱ्याला देऊन टाकावे. इन्व्हर्टर गॅरेजमध्ये असेल तर त्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे ती कपाटात बंद न करता खिडकीजवळ ठेवावी आणि तिच्या वरच्या फळीवर लोखंडी हत्यारे ठेवू नयेत. दोन टोकांवर आडवा पडलेला एक पाना आग लावायला पुरेसा असतो. शटर खाली असताना गाडीचे इंजिन सुरू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो ना त्याला वास येतो.

दिव्याची जागा बहुतेक घरांत चुकलेली असते. छताच्या मधोमध लावलेली ट्यूब गाडीचे टप उजळते आणि रॅक अंधारात ठेवते. दोन बाजूंच्या भिंतींवर, रॅकच्या वर, एक-एक चार फुटी एलईडी बॅटन लावल्यास खालच्या फळीपर्यंत उजेड येतो.

सामान लावून झाल्यावर प्रत्येक खोक्यावर, वर नव्हे तर समोरच्या बाजूला, जाड मार्करने नाव आणि महिना-वर्ष लिहावे. ‘किरकोळ’ किंवा ‘इतर’ असे नाव कोणत्याही खोक्याला देऊ नये. असा खोका सहा महिन्यांत भरतो आणि पुन्हा कोणी उघडत नाही. माळ्यावर काय आहे त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवावा, म्हणजे समई कुठे आहे हे विचारायला एकाच माणसाला शोधावे लागत नाही. नव्या रॅकचे नटबोल्ट सामानाचे वजन पडल्यावर थोडे सैल होतात, तेव्हा महिन्याभराने आणि नंतर दरवर्षी पावसाआधी ते पाना घेऊन पुन्हा आवळावेत, आणि आवळताना आधी वरच्या फळीवरचे सामान उतरवून घ्यावे.